शब्दचर्चा (प्रत्येक मजकुरावरचं नाव लिहिणाऱ्याचं टोपणनाव): चाकूचं पातं 'खिळखिळं', 'डुगडुगतं' की 'फाकलेलं'?

तळटीप:
घडीच्या एका महागड्या चाकूसोबत द्यायच्या देखभाल-पत्रकाचं मराठी चाललं आहे. मूठ टायटॅनियमची, लॉक फ्रेम-लॉक. मूळ पत्रकात दोन सूचना आहेत. उघडलेलं पातं डावी-उजवीकडे हललं तर मधला स्क्रू आवळा. वर-खाली हललं तर स्क्रूला हात लावू नका, चाकू परत पाठवा. दोन्हीकडे हलण्यासाठी नाम एकच, फक्त दिशेचं विशेषण बदलतं. मी दोन्हीकडे 'पातं खिळखिळं झाल्यास' लिहिलं. तपासणाऱ्याने शेजारी लिहिलं: 'खिळखिळी खाट असते. ४०,००० रुपयांचा चाकू खिळखिळा कसा?' या दोन हालचालींना मराठीत वेगवेगळे शब्द आहेत का? शिवाय लॉकला 'खटका' चालेल का?

कानसकाम:
खटका नको. 'खटक्याचा चाकू' म्हटलं की कळ दाबताच पातं उसळून बाहेर येणारा चाकू डोळ्यांपुढे येतो. रामपुरीची आठवण होते आणि पुढची वाक्यं कुणी वाचत नाही. फ्रेम-लॉक नेमका उलटा. तो पातं बाहेर काढत नाही, उघडलेलं पातं मिटू देत नाही. मुठीच्याच एका फळीत लांब चीर देऊन एक पट्टी मोकळी केलेली असते. पट्टीला आतल्या बाजूला वाक दिलेला असतो, त्यामुळे पातं उघडलं की ती पात्याच्या बुडामागे सरकून बसते. मिटताना अंगठ्याने तीच पट्टी बाजूला ढकलायची.

हलण्याबद्दल म्हणाल तर दोन हालचालींची कारणं वेगळी, म्हणून शब्दही वेगळे हवेत. आडवं हललं तर दोष मधल्या खिळीचा, म्हणजे पातं जिच्याभोवती फिरतं तिचा: स्क्रू सैल पडलाय किंवा वॉशर झिजलेत. वर-खाली हललं तर दोष लॉकचा: पट्टी बुडाला पुरती टेकत नाही किंवा स्टॉप पिन (उघडणारं पातं जिच्यावर येऊन अडतं ती) झिजली आहे. तिथे स्क्रू कितीही आवळा, पातं फक्त जड उघडेल, हलणं तसंच राहील.

मूळधातू:
तपासणाऱ्याचा आक्षेप चूक आहे. खिळखिळं हा शब्द खिळीवरूनच आला. संस्कृत कील, मराठी खीळ. खीळ ढिली झाली की वस्तू खिळखिळी. आडव्या हलण्यात दोष खिळीचाच, तेव्हा तिथे याहून चपखल शब्द सापडणार नाही. किंमत कितीही असो, खीळ ती खीळ.

सोपंबोला:
खिळखिळणे हा आवाज आहे हो. खुळखुळा, खळखळ, खिळखिळ. प्रत्येक द्विरुक्त शब्दाला संस्कृत आजोबा शोधायची गरज नाही. कारखान्यात विचाराल तर कुणीही फिटर एकच शब्द सांगेल: 'प्ले'. पात्याला प्ले आहे, बेअरिंगला प्ले आहे. वाचणाऱ्याला कळतो, तोच लिहा.

तळटीप:
'प्ले' लिहिलं तर तपासणारा 'खेळ' करेल. त्याने एका ठिकाणी केलंही आहे: 'पात्यास खेळ असल्यास'.

मूळधातू:
खेळ अगदीच टाकाऊ नाही. हवा खेळती असते, भांडवल खेळतं असतं. पण मराठीत 'खेळतं' म्हणजे मोकळेपणी हलणारं, ते चांगल्या अर्थानेच. बिघाडाला तो शब्द लावला तर अर्थ उलटतो. उलट चांगल्या चाकूचं वर्णन करायला तो नेमका आहे: पातं खेळतं हवं, हलतं नको.

कानसकाम:
हे वाक्य पत्रकात तसंच टाका, कारण आवळताना बहुतेकांची चूक इथेच होते. पातं हलतं म्हणून स्क्रू गच्च पिळतात, मग ते खेळत नाही, म्हणून पुन्हा ढिला करतात. बऱ्याच चाकूंना टी-८ टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीसारखी) चावी लागते, बारीक स्क्रूंना टी-६. एका वेळी आठवा भाग फेराच द्यायचा, पातं दोनदा उघडून मिटायचं, मग पुन्हा बघायचं. मिटल्यावर पातं दोन फळ्यांच्या बरोबर मध्ये बसतंय का तेही पाहायचं. हलणं थांबलं आणि मूठ आडवी धरून लॉक सोडल्यावर पातं न अडखळता फिरलं, तर थांबायचं. स्क्रू वारंवार सुटत असेल तर आट्यांवर निळं, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (आटे सुटू न देणारा चिकट द्रव), टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच. लाल लावलं तर तापवल्याशिवाय स्क्रू निघणार नाही आणि डोक्याचे कोपरे गोल होतील.

हे सगळ्या चाकूंना लागू नाही. चाकू बनवणाऱ्या ख्रिस रीव्हच्या सेबेन्झा या घडीच्या चाकूला खिळीभोवती बुश, म्हणजे धातूची छोटी नळी असते. तिची लांबी पातं आणि दोन फॉस्फर-ब्राँझ वॉशर मिळून होते त्याहून केसभर जास्त. म्हणून स्क्रू शेवटपर्यंत आवळायचा, तरी पातं मोकळंच फिरतं. तिथे 'थोडा ढिला ठेवा' असं लिहाल तर चुकीचं शिकवाल. चाकू कोणता आहे?

तळटीप:
फ्रेम-लॉकच, पण बुश नसलेला. सेबेन्झाचा उल्लेख मूळ पत्रकात फक्त तुलनेसाठी आहे. तिथे लिहिलंय की हे झुलू नाव आहे, अर्थ 'काम'.

मूळधातू:
झुलूत ते क्रियापद आहे. सेबेन्झा म्हणजे काम कर. काम या अर्थी नाम 'उमसेबेन्झी'. रीव्ह मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, पुढे अमेरिकेत आयडाहोतल्या बॉयझीला गेले. फ्रेम-लॉक त्यांनीच रूढ केला, पण ते त्याला 'इंटिग्रल लॉक' म्हणतात, म्हणजे मुठीशी एकजीव असलेला. मराठीत 'अंगचा लॉक' म्हणा. नाही तर सरळ 'अडसर'.

सोपंबोला:
अडसर वाड्याच्या दाराला. खिशातल्या चाकूला अडसर म्हणजे बशीला परात.

शुद्धमती:
मुळात 'चाकू'पासूनच अडचण आहे. तो फारसीतून आला. 'सुरी' हा आपला शब्द असताना आयात कशाला? 'घडीची सुरी' लिहा.

सोपंबोला:
सुरी स्वयंपाकघरात, तिचं पातं मुठीत कायमचं बसवलेलं. मिटतो तो चाकू. हा भेद बोलण्यात पक्का आहे. 'घडीची सुरी' ऐकून लोक घडीची पोळी शोधतील.

मूळधातू:
शुद्धमती, सुरीचं मूळ क्षुर. क्षुर म्हणजे वस्तरा, क्षौर त्यावरूनच. आणि न्हाव्याचा जुना वस्तरा मुठीत मिटतो! लॉक नाही, कमान नाही, खिळीच्या घर्षणावर पातं थांबतं. त्यामुळे तुमचा शुद्ध शब्द घडीच्या पात्यालाच लागतो. 'वस्तरा' मात्र फारसीच.

कोकणधार:
वस्तऱ्याचा विषय निघालाच आहे तर आडव्या हलण्याला एक शब्द सुचतो. कात्री सैल झाली की तिला 'फाकली' म्हणतात. दोन पाती एकमेकांना चिकटून न जाता अंतर ठेवून जातात, कापड कापलं न जाता मध्ये दुमडतं. अडकित्त्याचंही तसंच. दोष खिळीचा, हालचाल आडवी. 'पातं फाकल्यास स्क्रू आवळा.'

कानसकाम:
शब्द चांगला, पण धोका आहे. फाकलेल्या कात्रीची खीळ ऐरणीवर ठेवून ठोकतात. 'फाकलं' वाचून कुणी टायटॅनियमच्या मुठीवर हातोडी मारली तर वॉशर चेपतील आणि पातं कायमचं जखडेल.

कोकणधार:
मग पुढेच 'ठोकू नका' लिहा. एवीतेवी पावसाळ्याची सूचनाही लागेलच. टायटॅनियम फुगत नाही, पण लाकडी मुठीचे फ्रेंच ओपिनेल ज्यांच्याकडे असतात त्यांना आमच्या हवेत वेगळाच त्रास. बीचचं लाकूड ओल धरतं, फुगतं आणि पातं खाचेत आवळून बसतं, नखाने निघत नाही. मिटलेल्या चाकूच्या मुठीची टाच टेबलावर हलकेच आपटायची, पात्याचं टोक वर येतं. नंतर मूठ सुकवून जवसाचं तेल चोळायचं. त्या स्थितीला 'पातं जाम' याखेरीज शब्द ऐकलेला नाही.

शुद्धमती:
'आवळून बसलं' हा शब्द तुम्हीच वापरलात की आत्ता.

तळटीप:
विषय सुटतोय. धारेच्या परिच्छेदाबद्दलही विचारायचं होतं. मी लिहिलं: 'दर पंधरा दिवसांनी चाकू परजून घ्यावा.' हे बरोबर ना?

सोपंबोला:
अरे देवा. परजणे म्हणजे शस्त्र हातात तोलून फिरवणे, समोरच्याला धाक बसेल असं. दर पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक चौकात चाकू परजणार आणि हवालदार तो जप्त करणार. तुम्हाला 'पाजवून' म्हणायचंय.

शुद्धमती:
पाजळून.

मूळधातू:
पाजळणे हे प्रज्वलनावरून, दिवा पाजळणे. पाजवणे हे पाजण्यावरून, शस्त्राला पाणी पाजणे. पुढे दोन्ही एकमेकांत मिसळले आणि आता धारेसाठी दोन्ही चालतात. परजणे मात्र वेगळंच.

कानसकाम:
पाणी पाजणे हे धार लावणं नव्हे. पाणी म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, तापवून झटकन थंड करून आणलेला. 'पात्याचं पाणी उतरलं' म्हणजे तो कडकपणा गेला. ही सूचना पत्रकात हवीच, कारण महाग चाकू बहुतेक वेळा असाच खराब होतो: फिरत्या धारवाल्याच्या कोरड्या चाकावर. पातं हाताला नुसतं कोमट लागतं, पण धारेच्या टोकाशी उष्णता त्याहून कितीतरी जास्त चढलेली असते. तेवढ्यात टोक मऊ पडतं. मग चाकू दुकानात केस कापतो आणि घरी दोन खोके कापले की बोथट होतो.

पोलाद कोणतं तेही लिहा. एस४५व्हीएन या पोलादात सुमारे ३ टक्के व्हॅनेडियम धातू, मॅग्नाकट या पोलादात ४. व्हॅनेडियमचे कार्बाइड (कार्बनशी मिळून झालेले कठीण कण) साध्या निसण्यातल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा कठीण, म्हणून निसणा गुळगुळीत होतो आणि धार यायला फार वेळ लागतो. डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेली पट्टी हवी. दर बाजूला १७ ते २० अंश, जोर न देता, दुसऱ्या बाजूला नखाला खरखर लागेपर्यंत. ती खरखर म्हणजे बर, धारेवर पलीकडे वळलेली धातूची बारीक कड. बर पूर्ण काढली नाही तर चाकू पहिल्या कापाला उत्तम आणि दहाव्याला बोथट.

शुद्धमती:
'बर' कुठल्या भाषेतला?

सोपंबोला:
लेथवर उभा राहतो त्याच्या.

तळटीप:
पाजवणे पक्कं, चाक नको, डायमंड प्लेट, बर काढणे. आता हलण्याकडे परत येऊ. तूर्त 'आडवं हलणं' आणि 'उभं हलणं' लिहिलं होतं. तपासणाऱ्याने 'उभं'वर प्रश्नचिन्ह टाकलंय: चाकू उभा धरला तर आडवं कुठलं?

कानसकाम:
त्याचं बरोबर आहे. दिशा पात्यावरून सांगा, जमिनीवरून नको. पातं उघडून मूठ एका हातात घट्ट धरा, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याची पाठ धरा. गालांच्या, म्हणजे पात्याच्या रुंद बाजूंच्या दिशेने ढकलून हललं तर ते एक. पाठीकडून धारेकडे दाबल्यावर 'टक्' लागलं तर ते दुसरं. दुसऱ्यात लॉकची पट्टी कुठे टेकते ते आधी बघा. नव्या चाकूत ती बुडाच्या साधारण तिसऱ्या भागापासून अर्ध्यापर्यंत येते. पार पलीकडच्या फळीला टेकली असेल तर पुढे झिजायला जागा उरलेली नाही. नीट बसलेली असून टक् लागत असेल तर आधी तिथली घाण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तेल लावू नका. तेल लॉकच्या तोंडावर गेलं तर पट्टी निसटते, आणि मिटणारं पातं बोटांवर येतं.

कोकणधार:
मग पहिल्याला 'फाकणं' आणि दुसऱ्याला 'टकटकणं'. आवाजावरूनच ओळखू येतं.

सोपंबोला:
दार टकटकतं, चाकू नाही. 'पहिल्या प्रकारचा प्ले', 'दुसऱ्या प्रकारचा प्ले'. चित्र काढा, बाण दाखवा.

मूळधातू:
'पाठ' आणि 'धार' मिळाले, बाजूला 'गाल' मिळाला. मग 'गालहल' आणि 'पाठहल' का नको?

शुद्धमती:
गालहल म्हणजे काय, गालगुंड?

मूळधातू:
खिळखिळं अजूनही मोकळं आहे, एवढंच सांगतो.