सल्ला हवा आहे : दृष्टी गमावलेल्या जोडीदाराबरोबर काखेतीला (जॉर्जिया), तिथल्या वाइनसाठी आणि जेवणासाठी

नीलमोहर_पुणे

नमस्कार. येत्या शरद ऋतूत मी आणि माझे पती जॉर्जियाच्या पूर्वेकडील काखेती प्रांतात आठ दिवस राहण्याचा विचार करीत आहोत. काचबिंदूमुळे गेल्या तीन वर्षांत त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली आहे. स्वयंपाकात त्यांचा हात आजही माझ्यापेक्षा चांगला आहे. मोहरी कशी तडतडते यावरून तेल किती तापले आहे हे ते सांगतात, आणि आमटीत चिंच कमी पडली असेल तर ते त्यांना वासावरूनच कळते. मात्र मी पाहिलेल्या बहुतेक सहलींच्या कार्यक्रमांत एका दिवसात चार-पाच वायनरी, उंचावरून दिसणारे खोरे आणि छायाचित्रांसाठीचे थांबे याखेरीज फारसे काही आढळले नाही. नाक, कान, हात आणि जीभ यांच्या भरवशावर हा प्रवास कसा आखावा, केव्हा जावे आणि कुठे राहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मी शाकाहारी आहे, दूध आणि चीज चालते, अंडे चालत नाही. ते सर्व काही खातात, वाइन मात्र मोजकीच घेतात.

वाटसरू_दुबई

नीलमोहरताई, मी काखेतीला तीन वेळा गेलो आहे आणि तुमच्या पतींसाठी याहून योग्य प्रांत मला सुचवता येणार नाही, कारण तिथल्या वाइनचे खरे काम जमिनीखाली, डोळ्यांआडच चालते.

तिथे वाइन मातीच्या मोठ्या रांजणात होते. या रांजणाला 'क्वेव्री' म्हणतात. तो अंड्याच्या आकाराचा असतो, आतून त्याला मधमाश्यांचे मेण लावलेले असते आणि गळ्यापर्यंत तो जमिनीत पुरलेला असतो. काखेतीच्या रीतीप्रमाणे द्राक्षांचा रस साली, बिया आणि देठांसकट त्यात ओततात, आंबण्याच्या दिवसांत वर येणारा चोथा लाकडी दांड्याने दिवसातून अनेकदा खाली दाबतात आणि मग तोंड बंद करून तो साधारण पाच-सहा महिने तसाच ठेवतात. 2013 साली युनेस्कोने ही पद्धत अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. राजधानी तिबिलिसीच्या दक्षिणेस सुमारे 50 किलोमीटरवर उत्खननात मिळालेल्या मडक्यांच्या खापरांवर इसवी सनापूर्वी सुमारे 6000 वर्षांच्या काळातील वाइनचे अंश सापडले आहेत, म्हणजे तिथली माणसे हे काम आठ हजार वर्षे करीत आली आहेत.

जायचे असेल तर सप्टेंबरच्या अखेरीस जा. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत द्राक्षतोडणीचा हंगाम असतो, त्याला 'र्त्वेली' म्हणतात. त्या दिवसांत 'मरानी'त, म्हणजे घराच्या रांजणघरात, पाऊल टाकताच ओली माती, मेण आणि ठेचलेली द्राक्षे यांचा एकत्र वास येतो, आणि शांत उभे राहिले तर आंबणाऱ्या रसाची खदखद पायाशी स्पष्ट ऐकू येते. मी पहिल्यांदा ती ऐकली तेव्हा बाकीच्या मंडळींचे बोलणे थांबेपर्यंत ती कसली आहे हे मला समजले नव्हते. एक खबरदारी मात्र अवश्य घ्या. आंबताना कर्बवायू बाहेर पडतो आणि तो रांजणाच्या तोंडाशी साचतो, त्यामुळे वास घेण्यासाठी कोणीही तोंडावर ओणवे होऊ नये. यजमानांकडून पेल्यात काढून घ्यावे. अर्धवट आंबलेला, गोड आणि फसफसता असा जो रस या दिवसांत मिळतो, त्याला 'मचारी' म्हणतात. तो नक्की चाखा, पण जपून, कारण गोडव्यामुळे त्याचा अंमल लक्षात येत नाही.

एका दिवशी एकच मरानी ठेवा, याबाबत माझा आग्रह आहे. सालींसह मुरलेल्या पांढऱ्या द्राक्षांची वाइन तृणमण्याच्या रंगाची होते आणि ती चांगलीच तुरट असते. कच्चा आवळा चावल्यावर जीभ जशी ओढली जाते, तशी पहिल्या घोटाला ती ओढली जाते. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाबरोबर चीज, अक्रोड आणि गरम पाव खाल्ला की तोच तुरटपणा आवडू लागतो. एकामागून एक पेले रिकामे करीत पुढच्या वायनरीकडे निघणाऱ्याला हे कधीच कळत नाही. ही वाइन फार थंड करून देत नाहीत, आणि त्यामुळेच तिचा वाळलेल्या जर्दाळूसारखा वास मोकळा होतो.

मुक्कामासाठी मी सिग्नागीऐवजी तेलावी सुचवेन. सिग्नागी सुंदर आहे, पण त्या सौंदर्याचा मोठा भाग दृश्याचा आहे आणि तिथले दगडी रस्ते चढउताराचे आहेत. तेलावीत सुमारे 900 वर्षांचा मानला जाणारा चिनार आहे, त्याच्या खोडावरून हात फिरवत एक फेरी मारावी. जवळच्या वार्दिसुबानी गावात क्वेव्री घडवणारे कारागीर आहेत. मातीच्या वळ्या एकावर एक चढवत, मधे सुकायला वेळ देत, ते अनेक आठवडे एकेक रांजण उभा करतात. आधी विचारून ठेवल्यास ओल्या आणि सुकलेल्या भिंतीला हात लावू देतात. इकाल्तोच्या जुन्या मठाच्या आवारात रिकामे रांजण आहेत, त्यांच्या तोंडाशी बोलले की आपलाच आवाज खोल होऊन परत येतो.

दिंडोरीचा_मळेकरी

आमच्या घरी तीन पिढ्या द्राक्षे आहेत, म्हणून त्या बाजूने थोडे लिहितो. आपल्या नाशिककडे वेल झोपत नाही. एप्रिलमध्ये आपण खरड छाटणी करतो ती काडी तयार व्हावी म्हणून, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी छाटणी करतो ती फळासाठी. वाइनच्या द्राक्षांची तोडणी मग जानेवारी ते मार्चमध्ये येते. काखेतीत थंडी वेलाला झोपवते, छाटणी एकदाच होते आणि छाटलेल्या काड्या जपून ठेवतात. पुढे 'मत्स्वादी' नावाचे मांसाचे तुकडे याच काड्यांच्या निखाऱ्यांवर भाजतात. तुमच्या पतींना तो धूर आणि साध्या लाकडाचा धूर यांतला फरक नाकाने सहज ओळखता येईल.

बागेत गेल्यावर यजमानांना विचारून त्यांना स्वतःच्या हाताने एक तरी घड कात्रीने तोडू द्या. मणी खाताना बी थुंकू नये, ते दातांनी फोडावे. पिकलेल्या मण्याचे बी तपकिरी असते, कडकन फुटते आणि भाजल्यासारखे लागते. कच्चे बी मऊ आणि कडवट असते. तोडणीची वेळ झाली की नाही हे ठरवताना आम्हीही हेच करतो. सापेरावी या काळ्या जातीचा मणी बोटांनी चिरडायला सांगा. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर फिकट असतो, पण हिचा रसही लाल असतो आणि बोटांना डाग लागतो. नावाचा अर्थच रंग देणारी असा आहे.

नीलमोहर_पुणे

बी फोडून पाहण्याची गोष्ट वाचून दाखवल्यावर ते बराच वेळ बोलत होते. आपण दोघांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. शाकाहाराविषयी कोणी सांगू शकेल का? पाव आणि चीज यांवर आठ दिवस काढण्याची माझी तयारी आहे, पण तसे करावे लागू नये अशी इच्छा आहे.

कोथिंबीर

तसे मुळीच करावे लागणार नाही. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत बुधवारी, शुक्रवारी आणि वर्षातल्या अनेक मोठ्या उपवासांच्या काळात मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात, त्यामुळे उपवासाच्या पदार्थांची मोठी परंपरा तयार झाली आहे. 'सामार्खवो' हा एक शब्द पाठ करा. उपवासाचे आहे का, असे विचारले की नेमके उत्तर मिळते.

मी स्वतः शाकाहारी आहे आणि तिथे मला घरच्या चवीची आठवण वारंवार झाली. 'लोबियो' म्हणजे मातीच्या भांड्यात शिजवलेली राजम्यासारख्या घेवड्याची उसळ. तिच्याबरोबर 'मचादी' ही मक्याची जाड भाकरी देतात. वांग्याच्या तळलेल्या कापांत लसूण आणि कोथिंबीर घातलेले अक्रोडाचे वाटण भरतात. पालकाचे किंवा बिटाचे 'प्खाली' असेच वाटण घालून वळतात. त्यांच्या मसाल्यात निळ्या फुलांची, आपल्या मेथीच्याच कुळातली एक वनस्पती असते आणि झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्यांची पूड असते. दसऱ्याचे तोरण नाकाशी धरल्याचा भास झाला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन विचारले होते. खाचापुरीच्या, म्हणजे चीज भरलेल्या पावाच्या, बाबतीत मात्र जपा. अजारा प्रांताच्या पद्धतीच्या खाचापुरीवर कच्चे अंडे फोडतात हे दिसते तरी, पण साध्या खाचापुरीच्या चीजमध्येही पुष्कळदा अंडे मिसळलेले असते, म्हणून प्रत्येक ठिकाणी विचारावे.

दोन गोष्टी चुकवू नका. सकाळी गावातल्या पावभट्टीवर जा. बेकर कमरेत वाकून मातीच्या खोल भट्टीच्या भिंतीवर होडीच्या आकाराचा पाव थापतो, आणि हातात आल्यावर त्याचे टोक मोडले की कवच फुटल्याचा आवाज येतो. दुसरी गोष्ट चुर्चखेला. र्त्वेलीच्या दिवसांत अंगणात मोठ्या कढईत द्राक्षांचा रस पीठ लावून आटवतात आणि दोऱ्यात ओवलेले अक्रोड त्यात पुन्हा पुन्हा बुडवून वाळत टांगतात. तो वास थेट आपल्या गुऱ्हाळाचा आहे.

नीलमोहर_पुणे

आमचे ठरले. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघून तेलावीत सहा रात्री एकाच घरी राहायचे, गाडी चालकासह घ्यायची आणि एका दिवशी एकच मरानी पाहायची. आमच्या यजमानीणबाईंनी पहिल्याच संध्याकाळी 'सुप्रा'चे, म्हणजे त्यांच्या मेजवानीचे, निमंत्रण दिले आहे. तिथे प्रत्येक वेळी पेला रिकामा करावाच लागतो असे वाचले आणि थोडी काळजी वाटली.

वाटसरू_दुबई

काळजी करू नका. सुप्राचे सूत्र 'तमादा'च्या हाती असते. तो देवाच्या, शांतीच्या, दिवंगतांच्या, मुलांच्या नावाने एकेक शुभेच्छा बोलतो, आणि त्याचे बोलणे संपल्याखेरीज कोणी पीत नाही. यजमानीणबाईंना आधीच सांगून ठेवा की ते एकेक घोटच घेतील. पाहुण्याने असे सांगितलेले कोणी मनाला लावून घेत नाही. तुमच्या पतींना तमादाच्या जवळ बसवा, कारण मंडळी रंगात आली तर तीन सुरांतले गाणे सुरू होते आणि ते टेबलाच्या तीन बाजूंनी येत असताना मधोमध बसून ऐकण्यासारखे असते. आणखी एक तयारी करून जा. तमादा आपल्या शुभेच्छेचा धागा मधेच एखाद्या पाहुण्याकडे सोपवतो, त्याला 'अलावेर्दी' म्हणतात. ती त्यांच्याकडे येण्याची शक्यता बरीच आहे. त्यांनी मराठीत बोलावे आणि तुम्ही अर्थ सांगावा. मी तसेच केले होते, आणि अर्थ सांगून होईपर्यंत सगळे पेले हातात धरून थांबले होते.