क्यूबसॅटच्या आतलं ट्रॅफिक: टीसीपीडंप चालू ठेवायचा का?

गस्तवाला_हिंजवडी
मी हिंजवडीत नेटवर्क मॉनिटरिंगला आहे, बहुतेक रात्रपाळी. समोर चार स्क्रीन, ग्राफ उडाला की फोनाफोनी. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यांच्या कॉलेजात क्यूबसॅट, म्हणजे खोक्याएवढा छोटा उपग्रह, करतायत. दिवाळीत म्हणाला, "मामा, तू नेटवर्कवाला ना? आमच्या सॅटेलाइटच्या आतलं ट्रॅफिक कसं बघायचं सांग." पाच बोर्ड, सगळे एका कॅन बसवर (म्हणजे सगळ्यांनी मिळून बोलायच्या एकाच तारांच्या जोडीवर), मुख्य बोर्डावर लिनक्स. मी फुशारकीत सांगून टाकलं, टीसीपीडंप (नेटवर्कवरचं सगळं टिपून ठेवणारा प्रोग्रॅम) चालू ठेव, सगळं कार्डावर लिही, खाली मागवून वायरशार्क या ते उलगडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बघू. नंतर कळलं की रेडिओ ९६०० बिट्स पर सेकंदाचा आहे. तेव्हापासून दिवसा झोप नाही. खऱ्या यानावर हे काम कुणी केलंय का? तिथे नक्की काय बघतात?

सांगलीकर_बेंगळुरात
मामा, झोप उडाली ते बरंच झालं. आधी हिशेब करू. बस ५०० किलोबिटची आणि २० टक्के भरलेली धरली तर सेकंदाला १०० किलोबिट. पृथ्वीभोवतीची एक फेरी साधारण ९५ मिनिटांची, म्हणजे एका फेरीचं कॅप्चर ७१ एमबी, तेही टाइमस्टँप न धरता. यान डोक्यावरून जातं तो पास चांगला असला तर १० मिनिटांचा, त्यात ९६००नं ७२० केबी उतरतील. म्हणजे एका फेरीसाठी जवळजवळ १०० पास. दिवसाला तीन-चार पास मिळाले तर महिना गेला, आणि बॅटरीचा व्होल्टेज विचारायलाही जागा उरली नाही.

मी बरीच वर्षं सॅटेलाइट चेकआउटमध्ये, म्हणजे उड्डाणाआधीच्या तपासणीत, होते, रोजचा संबंध १५५३ बसशी. ही १९७०च्या दशकातली लष्करी विमानांसाठीची बस, वेग फक्त १ मेगाबिट, पण अजून उडते. तिच्यावर आपणहून कुणीच बोलत नाही. बस कंट्रोलर हजेरी घेतो, ज्याचं नाव घेतलं त्या टर्मिनलनं (बसला जोडलेल्या उपकरणानं) ४ ते १२ मायक्रोसेकंदांत 'हजर' म्हणायचं. मॉनिटर हा त्या स्टँडर्डमध्येच सांगितलेला तिसरा गडी, त्यानं फक्त ऐकायचं. तुमच्या ऑफिसात काय येईल याचा भरवसा नाही, म्हणून तुम्ही आलेल्यावर नजर ठेवता. आमच्याकडे कोण कधी बोलणार याचं वेळापत्रक उड्डाणाआधीच बांधलेलं असतं. त्यामुळे आम्ही शोधतो ते न आलेलं.

आणि न आलेलं दिसलं तरी कारण कळतंच असं नाही. एकदा बेंचवर टर्मिनल ९ मधूनच गैरहजर राहायला लागलं. ए आणि बी या दोन जोड तारांपैकी बस ए वर 'नो रिस्पॉन्स', बस बी वर सगळं सुरळीत. दोन दिवस आम्ही ते उपकरण बनवणाऱ्यांना छळलं, बिचाऱ्यांनी कार्डसुद्धा बदललं. शेवटी मी स्कोप (सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला, तर सिग्नलच्या कडा पार दातेरी. बस ए च्या टोकाचं ७८ ओहमचं टर्मिनेटर (सिग्नल टोकावरून उलटून येऊ नये म्हणून लावायचा रेझिस्टर) आदल्या शिफ्टमध्ये कुणीतरी काढून टेबलाच्या खणात ठेवलं होतं. मॉनिटरनं दोन दिवस खरंच सांगितलं होतं, आम्ही भलत्याच माणसाला धरलं.

भाच्याला सांगा: कॅनवर कुणीही मध्येच बोलू शकतो, तेव्हा वेळापत्रक त्यानंच बनवावं. प्रत्येक बोर्डानं सेकंदाला एक हार्टबीट ('मी आहे' एवढाच संदेश) द्यावा, आणि 'याला शेवटचं ऐकून किती सेकंद झाले' हा आकडा टेलिमेट्रीत (यानानं खाली पाठवायच्या माहितीत) टाकावा. कॅन कंट्रोलरमध्ये चुका मोजणारे दोन काउंटर आयतेच असतात. कुठलाही १२८ला पोचला की बोर्ड 'एरर पॅसिव्ह' (चूक दिसली तरी इतरांना अडवता येत नाही), पाठवण्याचा २५५च्या पुढे गेला की बोर्ड बसवरूनच बाहेर. हे दोन आकडे सोन्यासारखे आहेत, उतरवायला जागाही लागत नाही. कच्चं कॅप्चर हवंच असेल तर रॅममध्ये शेवटच्या मिनिटाचं फिरतं ठेवा, गडबड झाली की गोठवा, तेवढंच कार्डावर लिहा.

उलटा_प्रश्न
सगळं ठरलेलंच असतं तर स्पेस स्टेशनच्या लॅपटॉपवर २००८ साली वर्म (आपोआप पसरणारा व्हायरस) कसा सापडला?

सांगलीकर_बेंगळुरात
तो ऑनलाइन गेमचे पासवर्ड चोरणारा गॅमिमा. स्टेशनवर गेम खेळायला कुणाला वेळ होता देव जाणे. पण तो ज्या लॅपटॉपवर होता ते ईमेल वगैरेंचे, स्टेशन चालवणाऱ्या १५५३ बसचे नाहीत. ही दोन जगं वेगळी ठेवतात.

अलीकडे मात्र ती एकाच तारेवर येतायत. नासाच्या ओरायन या माणसं नेणाऱ्या यानात टाइम-ट्रिगर्ड इथरनेट आहे. एकाच जाळ्यात ठरल्या मायक्रोसेकंदाला जाणारं, ठरलेल्या दरानं जाणारं आणि जागा मिळेल तसं जाणारं, असं तीन जातींचं ट्रॅफिक. २०२२मध्ये मिशिगन विद्यापीठ आणि नासाच्या संशोधकांनी दाखवलं की तिसऱ्या जातीतलं एखादं उपकरणसुद्धा तांब्याच्या तारेतून विद्युत गोंगाट सोडून घड्याळ जुळवणीचे खोटे संदेश घुसवू शकतं. प्रयोगशाळेतलं त्यांचं नकली यान डॉकिंगच्या वेळी वाट चुकलं. त्यांनी सुचवलेला एक उपाय म्हणजे तांब्याऐवजी फायबर. मला तर तो फार आवडला, तार बदला म्हणजे झालं.

पुणे_ग्राउंडस्टेशन
एक भर. सीसीएसडीएस (अंतराळ संस्थांचं सामायिक मानक) पॅकेट वापरत असाल तर हेडरमधला १४ बिटांचा सीक्वेन्स काउंट फुकटचा मॉनिटर आहे. ०पासून १६३८३पर्यंत जातो आणि परत ०. मधला आकडा गळला की पॅकेट गळलं. फक्त तो प्रत्येक एपीआयडीसाठी (पॅकेट कुणाचं ते सांगणारा हेडरमधला क्रमांक) वेगळा मोजा. आमच्या पोरांनी सगळ्यांना मिळून एकच मोजला होता, आठवडाभर उगाच पॅकेट हरवत होती.

गस्तवाला_हिंजवडी
ताई, तुमचं उत्तर भाच्याला जसंच्या तसं पाठवलं. टर्मिनेटरचं वाचून तो गप्प झाला. त्यांचीही पॉवर बोर्डावरून मधूनच एरर येते. मल्टिमीटरनं काय बघायचं?

सांगलीकर_बेंगळुरात
वीज बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो यांच्यात ओहम मोजा. दोन टोकांना १२०चे दोन रेझिस्टर, म्हणजे ६०च्या आसपास यायला हवं.

गस्तवाला_हिंजवडी
४० आलं.

सांगलीकर_बेंगळुरात
मग तिसरं टर्मिनेटर आहे कुठेतरी. पॉवर बोर्ड कुणाकडून तयार आणला असेल तर आधी त्याच्यावरचा जंपर (टर्मिनेटर जोडणारी-तोडणारी छोटी पिन) बघा.