मदत हवी आहे: एकाच वेळी चार विणकामे हाती असताना हाताचा ताण, म्हणजे विणीचा घट्ट-सैलपणा, सारखा कसा राखावा?

नमस्कार. सध्या माझ्या हाती चार विणकामे आहेत. भाचीच्या बाळंतविड्यासाठी टोपडे, मोजे आणि पुढून उघडा लहानसा स्वेटर, यजमानांसाठी बंद गळ्याचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर, बारीक लोकरीची जाळीच्या विणीची शाल आणि उरलेल्या लोकरीच्या चौकोनांचे पांघरूण. हाती घेतलेले एक पूर्ण करूनच दुसऱ्याला हात लावावा, असे अनेक जाणत्या बायका सांगतात, परंतु मला ते पटत नाही. पांघरुणाचे चौकोन सगळे सुलट टाक्यांचे असल्यामुळे ते चार माणसांत बोलत बसूनही विणता येतात. शालीला मात्र दिवसाचा उजेड आणि एकांत लागतो, कारण जाळीचा एक टाका राहिला तरी पुढच्या ओळीत सगळी नक्षी सरकते. शिवाय जाड आणि बारीक सुया आलटून पालटून घेतल्या की मनगटही कमी दुखते.

माझी खरी अडचण यजमानांच्या स्वेटरची आहे. 8 नंबरच्या सुयांवर, म्हणजे 4 मिलिमीटरच्या, 99 टाके घालून मी पाठ विणली. तेव्हा 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके बसत होते आणि रुंदी बरोबर 45 सेंटिमीटर आली. त्यानंतर काही आठवडे केवळ शाल विणली आणि मग त्याच सुयांवर, त्याच लॉट नंबरच्या, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीने, तितकेच टाके घालून स्वेटरचा पुढचा भाग सुरू केला. बॉर्डरच्या वर वीतभर विणून झाल्यावर मोजले, तर 10 सेंटिमीटरमध्ये 20 टाकेच भरले. म्हणजे हा भाग जवळजवळ साडेएकोणपन्नास सेंटिमीटर रुंद होणार. जाळीच्या विणीसाठी लोकर सैल सोडण्याची हाताला लागलेली सवय इथेही उतरली असावी, असा माझा अंदाज आहे. शुद्ध लोकर असती तर ओली करून, ताणून वाळवताना थोडेफार जुळवून घेता आले असते. ही लोकर ॲक्रिलिक आहे, आणि तिच्यावर गरम इस्त्री फिरवली तर वीण चपटी होऊन तिची सगळी उभारी जाते, म्हणून तो मार्ग मला नको आहे.

पुढचा भाग उसवावा लागणार, याबद्दल शंका नाही. पुन्हा विणताना 9 नंबरच्या, म्हणजे पावणेचार मिलिमीटरच्या सुया घ्याव्यात, की 8 नंबरवरच आधी वेगळा तुकडा विणून हात पूर्वीसारखा घट्ट बसण्याची वाट पाहावी? लहान सुई घेतली आणि अर्ध्यावर हात आपोआप घट्ट झाला, तर मुंढ्याजवळ स्वेटर आवळेल, अशी मला भीती वाटते. बाह्यांचा प्रश्न मी वेगळ्या रीतीने सोडवते: दोन्ही बाह्या एकाच लांब गोल सुईवर, लोकरीच्या दोन वेगळ्या गुंड्यांनी शेजारी शेजारी विणते, म्हणजे ताण बदलला तरी दोन्हींकडे सारखाच बदलतो. पाठ आणि पुढचा भागही याच पद्धतीने एकदम विणणारे कोणी आहे का? इतक्या टाक्यांचे वजन मनगटाला पेलते का?

दुसरी अडचण अडकून पडलेल्या सुयांची आहे. बाजूला ठेवलेले काम फार दिवस सुईवरच राहिले, तर त्या ओळीचे टाके ताणले जाऊन आडवी रेघ दिसते. म्हणून मी टाके सुती दोऱ्यावर उतरवून ठेवते आणि सोबत सुईचा नंबर, संपलेली ओळ आणि लोकरीचा लॉट नंबर लिहिलेली चिठ्ठी टाचते. (अमेरिकन नमुना असेल, तर सुईचे माप मिलिमीटरमध्येच लिहावे. त्यांचा 8 नंबर 5 मिलिमीटरचा असतो.) साध्या विणीला एवढे पुरते. जाळीच्या शालीचे टाके मात्र दोऱ्यावरून परत सुईवर घेताना लोकर पुढे घेऊन वाढवलेले टाके हमखास निसटतात. ते काम उलट टाक्यांची ओळ संपवूनच थांबवावे, की शालीसाठी एक सुई कायमची राखून ठेवावी?

बाळंतविडा वेळेत द्यायचाच आहे, त्यामुळे तो आधी संपवीन. त्याची वीणही घट्टच आहे. त्यानंतर लगेच, शालीला हात न लावता, यजमानांचा स्वेटर घेतला तर हाताचा ताण पाठीशी जुळेल का, हे ज्यांनी स्वतः करून पाहिले असेल त्यांनी कृपया टाक्यांच्या मापासह लिहावे.