सिव्ह ६: शहराला प्रोजेक्ट लावणं म्हणजे टर्न वाया घालवणं का?

षटकोनी (धागाकर्ता)

परवा मित्राशी फोनवर अर्धा तास वाजलं. विषय: सिव्हिलायझेशन ६ या टर्न-टर्नने (पाळीपाळीने) खेळायच्या संगणक गेममधले सिटी प्रोजेक्ट, म्हणजे शहराला इमारतीऐवजी लावायचं काम. त्याचं म्हणणं, "बांधायला काहीच उरलं नाही की लावायचा प्रोजेक्ट, तोवर ढुंकूनही बघायचं नाही." मला हे साफ चूक वाटतं, म्हणून हा धागा.

नवख्यांसाठी थोडक्यात. शहरात कॅम्पस (विज्ञानाचा), होली साइट (धर्माचा), कमर्शियल हब (व्यापाराचा) असा एखादा डिस्ट्रिक्ट, म्हणजे खास विभाग, उभा राहिला की त्याचा प्रोजेक्ट उघडतो. तो चालू असेपर्यंत शहराच्या प्रॉडक्शनचा (बांधकामाच्या ताकदीचा) काही हिस्सा दर टर्नला विज्ञान, श्रद्धा, सोनं वगैरे होऊन मिळतो. कॅम्पसला १५%, कमर्शियल हबला ३०%. आणि प्रोजेक्ट पुरा झाला की ग्रेट पर्सनचे पॉइंट एकगठ्ठा हातात पडतात. (ग्रेट पर्सन म्हणजे थोर व्यक्ती; ज्याचे पॉइंट आधी भरतील त्याला ती मिळते.) माझा जीव या गठ्ठ्यात आहे. ते १५% म्हणजे वाण्याने सुट्ट्या पैशांऐवजी दिलेली गोळी.

मागच्या गेममधली गोष्ट. ग्रेट सायंटिस्टच्या यादीत न्यूटन लागला होता. प्रतिस्पर्धी कोरिया तो पाच टर्नमध्ये उचलणार हे यादीत दिसत होतं, माझ्या गतीने मला आठ लागणार होते. तीन शहरांत चालू होतं ते सगळं थांबवलं आणि कॅम्पसचे प्रोजेक्ट असे लावले की तिन्ही चौथ्या टर्नपर्यंत संपावेत. चौथ्या टर्नला न्यूटन माझ्या दारात. तीन शहरांचे चार-चार टर्न गेले, गेले तर गेले.

आधी_लायब्ररी

असहमत. एक किस्सा रंगवून सांगितला म्हणून नियम होत नाही. जरा पाटी-पेन्सिल घेऊ.

२० प्रॉडक्शनचं शहर धरा. कॅम्पसमधल्या लायब्ररीची किंमत ९० प्रॉडक्शन, म्हणजे पाच टर्न. त्याच पाच टर्नमध्ये कॅम्पसचा प्रोजेक्ट टर्नला ३ या हिशेबाने १५ विज्ञान देतो. लायब्ररी टर्नला २ देते, म्हणजे आठ टर्नमध्ये ते १५ भरून निघाले, पुढचं सगळं नफ्यात. शिवाय तिचा ग्रेट सायंटिस्टचा एक पॉइंट दर टर्नला चालूच. प्रोजेक्ट संपला की मात्र हात रिकामे. लायब्ररीची देखभाल टर्नला १ सोनं, ती तर मला चहाच्या पैशात परवडते.

तुम्ही न्यूटन आणलात, पण त्या बारा टर्नमध्ये काय काय बांधायचं राहिलं ते कोण मोजणार?

षटकोनी

लायब्ररी आधी, यात वाद कुठे आहे? लायब्ररी-युनिव्हर्सिटी सोडून प्रोजेक्ट लावा असं मी म्हटलेलंच नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. डोंगराच्या कुशीतलं शहर, लोकसंख्या ६ वर अडकलेली, घरं नाहीत, अन्न नाही. डिस्ट्रिक्ट मिळतात १, ४, ७, १० लोकसंख्येला. म्हणजे तिथे दोनच, आणि ते दोन्ही इमारतींसकट पूर्ण. आता अशा शहरात काय करायचं? बहुतेक जण सवयीने एखादं युनिट (सैन्याची तुकडी) टाकतात आणि मग जन्मभर त्याला पोसतात. प्रोजेक्टला दाणापाणी लागत नाही.

रिकामटेकडा_राजा

तिथे ट्रेडर करा, बिल्डर करा. जागा असेल तर सेटलर, म्हणजे नवं शहर वसवणारा. सेटलर हा माझ्या मते जगातला सर्वात चांगला प्रोजेक्ट आहे. (ह. घ्या.)

आणि ग्रेट पर्सन हवाच असेल तर सरळ सोन्याने किंवा श्रद्धेने विकत घ्या की! तीन शहरांची फरफट कशाला?

षटकोनी

पण घेताना भाव बघा ना. जितके पॉइंट कमी पडतात तितकं सोनं जास्त मागतात. निम्मं अंतर प्रोजेक्टने कापायचं, उरलेलं सोन्याने. मी हे दोन्ही एकत्र वापरतो, आणि इथे कोणी हे का बोलत नाही याचं मला नवल वाटतं.

एक_टर्न_अजून

तुम्ही सगळे मध्ययुगात अडकलाय. विज्ञान विजयाचा शेवट म्हणजे नुसते प्रोजेक्टच. उपग्रह, चंद्र, मंगळ, आणि गॅदरिंग स्टॉर्म हा गेमचा विस्तार असेल तर पुढे एक्झोप्लॅनेट (दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा ग्रह) मोहीम.

त्यातही लोक एक गंमत विसरतात. यानाला ५० प्रकाशवर्षं जायचं असतं, वेग टर्नला १. लेझर स्टेशनचा प्रोजेक्ट पुरा झाला की वेग एकने वाढतो. काहीच न करता ५० टर्न. उड्डाणाबरोबरच एक स्टेशन असेल तर २५. दोन असतील तर १७, तीन असतील तर १३, चार असतील तर १०. पहिलं स्टेशन २५ टर्न वाचवतं, चौथं जेमतेम ३. तरी मी बघतो, लोक सगळ्या शहरांना आंधळेपणाने लेझर लावत सुटतात आणि शेजारचा गडी धर्माने किंवा पर्यटनाने जिंकून जातो.

तेव्हा "प्रोजेक्ट हो की नाही" हा प्रश्नच बावळट आहे. कितवा, आणि कोणत्या शहरात, हे विचारा.

आधी_लायब्ररी

ते विजयाचे प्रोजेक्ट, त्यांना नाही कोण म्हणेल? विषय डिस्ट्रिक्टच्या प्रोजेक्टचा आहे. गोल फिरवू नका.

कार्निव्हल_वाली

ब्राझीलची आठवण कुणालाच कशी नाही? त्यांच्या स्ट्रीट कार्निव्हलचा प्रोजेक्ट चालू असताना शहराला एक अ‍ॅमेनिटी (लोकांना खूश ठेवणारी सोय), संपल्यावर इंजिनिअर, मर्चंट, लेखक, चित्रकार, संगीतकार अशा पाच जणांचे पॉइंट एकदम. वर पेद्रो राजाला प्रत्येक ग्रेट पर्सनमागे २०% पॉइंट परत. मी ब्राझील खेळते तेव्हा निम्मी शहरं कायम नाचत असतात, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

पण रोमने किंवा जर्मनीने खेळताना हेच केलं तर बुडाल. कोणती संस्कृती हे न सांगता अशी भांडणं करण्यात काय हशील?

रिकामटेकडा_राजा

ब्राझीलचं मान्य. आणि एक जागा मीही सोडतो: सीमेवरचं शहर बंड करायच्या बेतात असेल तर ब्रेड अँड सर्कसेस, म्हणजे शहराची निष्ठा टिकवणारा प्रोजेक्ट. तिथे लायब्ररी बांधून काय, शेजाऱ्याला आंदण द्यायची?

आधी_लायब्ररी

बरं. काल रात्री दीड वाजेपर्यंत जागून षटकोनींची युक्ती करून पाहिली. दोन शहरांत प्रोजेक्ट, थोडं सोनं. न्यूटन आला, खोटं कशाला बोलू.

पण आता ऐका. न्यूटन ज्या कॅम्पसवर बसवाल तिथे लायब्ररी आणि युनिव्हर्सिटी फुकट उभी करतो. माझ्याकडे पाच कॅम्पस, पाचांतही दोन्ही आधीच बांधलेल्या. ते बक्षीस वाया गेलं. उरलं दुसरं: प्रत्येक युनिव्हर्सिटीला +२, म्हणजे टर्नला १० विज्ञान. ते १० मिळाले कारण त्या पाच युनिव्हर्सिट्या मी आधी बांधल्या होत्या. प्रोजेक्ट करत बसले असते तर न्यूटन आला असता आणि रिकाम्या अंगणात उभा राहिला असता.

षटकोनी

आणि प्रोजेक्ट केले नसतेत तर तो कोरियाच्या अंगणात उभा असता.

आधी_लायब्ररी

माझ्या गेममध्ये कोरिया नव्हता.