राणीछाप रुपया खरा की खोटा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आत्याच्या देवघरातल्या डब्यातले चांदीचे तीन रुपये माझ्याकडे आलेत. दर लक्ष्मीपूजनाला त्यांना हळदकुंकू लागायचं, यापलीकडे काही माहीत नाही. मी सांगली जिल्ह्यातल्या विट्याची, म्हणजे चांदीवर सल्ला द्यायला माणसांची कमी नाही, घरटी कुणीतरी गलाईत (सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या धंद्यात). दाजीही कोइमतूरला तेच करतात. गावी आले तेव्हा त्यांनीच ओळखीच्या सराफाकडे मशीनवर टंच (चांदीची टक्केवारी) काढून आणला.

पहिला मुकुटवाल्या राणीचा, १८६२, 'व्हिक्टोरिया क्वीन'. बराच झिजलाय. वजन ११.४ ग्रॅम, टंच ९१.
दुसरा १९०१ चा, 'एम्प्रेस'. कोरा करकरीत. बरोब्बर १० ग्रॅम, टंच ९९.
तिसरा जॉर्ज राजाचा, १९४२. वजन ११.६, पण टंच ५० च्या आसपास!

दाजींचा निकाल: दुसरा अस्सल, पहिला ठीकठाक, तिसरा खोटा, आटवून टाक. (गलाईवाल्यांना दिसेल ते आटवावंसं वाटतं, ते सोडा.) हे बरोबर आहे का? तेजाब न लावता घरी काही तपासता येईल का?

प्रतिसाद १
ताई, दाजींना आधी थांबवा! निकाल नेमका उलटा लागलाय.

१८३५ पासून सरकारी रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. चांदी ९१.६६ टक्के, बाकी तांबं. त्यामुळे पहिल्याचा ९१ टंच अगदी हवा तसा, आणि कमी भरलेलं वजन झिजेत गेलं. दुसरं नाणं कोरं असून दीड ग्रॅमहून जास्त कमी कसं भरेल? दहा ग्रॅम आणि ९९ टंच म्हणजे पूजेसाठी पाडलेली नक्कल. चांदी खरी, रुपया खोटा.

तिसऱ्यात भेसळ सरकारनेच केलीय. युद्धकाळात, १९४० पासून, रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. त्याची कड बघा, दात्यांच्या मधोमध खाच फिरलेली दिसेल. नकली नाणी पाडणाऱ्यांना अवघड जावं म्हणून ती मुद्दाम घातली होती.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, पण मशीन फक्त वरचा थर वाचतं. मुलामा असेल तर फसगत होते. पाण्याचा प्रयोग करा. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकवू नका. काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या वजनाला भागा. ९१ टंचाला उत्तर १०.३ च्या जवळपास यायला हवं. जर्मन सिल्व्हर (नावातच चांदी, प्रत्यक्षात नसलेला मिश्रधातू) नऊच्या खालीच राहतं.

तरीही खात्री पूर्ण होत नाही, कारण हल्ली योग्य टंचाच्या चांदीतही नकला पाडतात. भिंगाखाली बघा: अक्षरं साबणासारखी गुळगुळीत, बारीक फोडं, कडेला जोडाची रेघ, यातलं काही दिसलं तर नाणं ओतीव, म्हणजे साच्यात ओतलेली नक्कल. आणि चिंच, पितांबरी काही लावू नका, संग्राहक घासलेल्या नाण्याला भाव देत नाहीत.

धागाकर्ती
खाच आहे! पहिल्याचं उत्तर १०.२ आलं. दाजी म्हणतात, "मग ९९ वाला तरी दे आटवायला."

प्रतिसाद ३
माझ्याकडे 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' लिहिलेलं राम-सीतेचं नाणं आहे. लाखोंना जातं म्हणे?

प्रतिसाद १
नाही हो. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही. ते देवळाचं टोकन, ठेवा देवघरात.