फर्लो, डेप्युटेशन, सुपरन्यूमररी: मिशनऱ्यांच्या पत्रांत यांचा अर्थ काय घ्यायचा?

चीनमधून परत आलेल्या एका ब्रिटिश मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) मिशनऱ्याची म्हातारपणीची पत्रं वाचतोय, मराठीत गोषवारा करायचाय. माणूस हँकावला होता, आता इंग्लंडात निवृत्त, जुन्या सहकाऱ्यांना लिहीत असतो. इंग्रजी सोपं आहे पण तीन शब्दांपाशी गाडी अडली. दुसऱ्या फर्लोच्या आठवणी काढतो (आपल्याकडे फर्लो कैद्यांना मिळतो ना?), त्या वर्षी डेप्युटेशनने जीव काढला म्हणतो, म्हणजे प्रतिनियुक्ती का? आणि नावापुढे सुपरन्यूमररी मिनिस्टर. अधिसंख्य धर्मोपदेशक लिहू का?

प्रतिसाद:
अहो नको, मंत्रालयातून पत्र आल्यासारखं वाटेल! फर्लो मूळचा डच शब्द, अर्थ साधी रजा. कंपनीच्या काळात इथले साहेब पण फर्लोवर विलायतेला जायचे. कैद्यांशी तो आपल्या डोक्यात जोडला गेला तुरुंगाच्या १९५९ च्या फर्लो-पॅरोल नियमांमुळे, मराठी कागदांत त्याला संचित रजा म्हणतात. मिशनऱ्याचा फर्लो म्हणजे सलग काही वर्षं काम केल्यावर मायदेशी जायला मिळणारी लांबलचक रजा, बोटीच्या प्रवासातच कित्येक आठवडे जायचे त्यामुळे पंधरा दिवसांच्या सुट्टीला काही अर्थच नव्हता. संचित रजा लिहिलंत तर वाचणाऱ्याला थेट येरवडा आठवणार, 'मायदेशची रजा' लिहा.

आणि डेप्युटेशन या रजेतच येतं. मिशनचा बराच खर्च मायदेशच्या चर्चमधल्या वर्गणीवर चालायचा, मग रजेवर आलेल्या माणसाने गावोगावच्या चर्चमध्ये जाऊन चीनमधल्या कामाबद्दल बोलायचं, मॅजिक लँटर्नवर चित्रं दाखवायची, रात्री कुणाच्या तरी घरी मुक्काम, सकाळी गाडी पकडून पुढचं गाव. रजा कसली, वेठबिगारीच ती. तुमच्या म्हाताऱ्याची तक्रार अगदी रास्त आहे. मी 'व्याख्यानदौरा' म्हणेन, प्रचारदौरा म्हटलं की निवडणूक वाटते.

प्रतिसाद:
सुपरन्यूमररीबद्दल. ब्रिटिश मेथडिस्टांमध्ये पाळकाची नेमणूक सर्किटवर होते, म्हणजे आसपासच्या अनेक चर्चचा एक गट, आणि काही वर्षांनी बदली. जो निवृत्त होतो तो नेमणुकीच्या हिशोबाबाहेर जातो, म्हणून सुपरन्यूमररी. पाळकपद जात नाही, उपदेश वगैरे करतच राहतो. अमेरिकन असता तर जुन्या कागदांत सुपरअ‍ॅन्युएटेड दिसलं असतं, ते मात्र आपल्या 'नियत वयोमान'च्या जवळचं आहे. सरळ 'निवृत्त पाळक' लिहा, धर्मोपदेशक नको. मराठी ख्रिस्ती मंडळीत पाळकसाहेब हाच रोजचा शब्द आहे.

मूळ प्रश्नकर्ता:
मस्त, तिन्ही सुटले! अजून एक. हँकावला असताना रोज संध्याकाळी 'बंड'वर फिरायला जायचो असं आहे, आणि पुढच्याच ओळीत १९२७ चा दंगा. हे आपलं बंड तर नाही ना?

प्रतिसाद:
नाही हो, तो बांध! फारसी बंद, हिंदुस्थानातून इंग्रजांनी उचलला आणि चीनच्या बंदरांत नेला. नदीकाठी बांधून काढलेला रस्ता, शांघायचा सगळ्यांना माहीत असतो, हँकावला यांगत्सेच्या काठी तसाच. बाजूला ब्रिटिश कन्सेशन होतं, म्हणजे शहरातला ब्रिटिशांच्या कारभाराखालचा भाग, ते जानेवारी १९२७ मध्ये चिन्यांनी ताब्यात घेतलं, म्हणून दंग्याची ओळ लगेच आली असणार. असे अजून भेटतील. चिट म्हणजे आपली चिठ्ठी, सामान उधारीवर घेताना सही करायची ती. श्रॉफ म्हणजे सराफ, पण तिथे दुकानातला किंवा पेढीवरचा रोखपाल. कंजी तर सरळ कांजीच, तांदळाची पेज. 'बंड' तसंच ठेवलंत तर मराठीत गोंधळ ठरलेला, त्यापेक्षा 'नदीकाठचा रस्ता' बरा.

हँकावचं स्पेलिंग मात्र सुधारत बसू नका. पहिल्यांदा येईल तिथे 'आजच्या वूहानचा एक भाग' एवढं जोडा आणि पुढे हँकावच चालू द्या, तो म्हातारा वूहान म्हणत नसेल तर आपण त्याच्या तोंडी का घालायचं?