प्राध्यापकांचे लेख वाचतं कोण?

कुणीतरी म्हटलंय की अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या प्राध्यापकांचे लेख फक्त बढतीसाठी असतात, न्यायाधीश ढुंकूनही पाहत नाहीत. बऱ्याच लेखांबाबत हे खरंही असेल. पण विल्यम बोड आणि मायकेल पॉल्सन यांचा लेख घ्या. दोघेही कायद्याचे प्राध्यापक आणि उजव्या विचारांचे. १४व्या घटनादुरुस्तीचं तिसरं कलम (शपथ घेऊन नंतर बंडात सामील झालेल्याला पदबंदी) आजही जिवंत आहे, ते लागू व्हायला काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) वेगळ्या कायद्याची गरज नाही आणि जानेवारी २०२१ मधल्या संसदेवरच्या हल्ल्यामुळे ते ट्रम्पना लागू होतं, असं त्यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये मांडलं. लेख छापून यायच्या आधीच देशभर वाद पेटला! डिसेंबरात कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४-३ ने ट्रम्पना अपात्र ठरवलं, त्या निकालात या लेखाचा हवाला आहे. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल एकमताने फिरवला. राष्ट्रीय पदांच्या उमेदवारांना हे कलम लावणं राज्यांच्या हातात नाही, ते काँग्रेसचं काम, असं बहुमताने म्हटलं. म्हणजे लेख हरला, पण दुर्लक्षित नक्कीच नव्हता.

आणखी एक गंमत: तिथल्या बहुतेक लॉ रिव्ह्यूंचे (हे लेख छापणाऱ्या लॉ स्कूलच्या नियतकालिकांचे) संपादक विद्यार्थीच असतात. प्राध्यापकाचा लेख घ्यायचा की नाही, हे पोरं ठरवतात. टीका करायचीच तर तिथे करा.